वाचकांचे प्रश्न : जी मायनरमधील सिंफनी

अठराव्या शतकातील संगीतकार मोझार्टच्या अखेरच्या तीन सिंफनींवरील (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख त्यांतल्या मधल्या सिंफनीकडे, म्हणजे चाळिसाव्या क्रमांकाच्या जी मायनर सिंफनीकडे आहे. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर आम्ही या एकाच पट्टीला दिले आहे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे गायकांना पेटीची साथ करतो. आमच्याकडे गळ्याप्रमाणे सा ठरतो. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये, पण मालकंस मालकंसच राहतो. पाश्चात्त्य मंडळी मात्र सिंफनीच्या नावातच पट्टी घालतात. पट्टीला एवढे महत्त्व कशासाठी? आणि जी मायनर ही पट्टी मुळातच दुःखी आहे, असे म्हणतात ते कितपत खरे? — एक हार्मोनियमवादक, मिरज

उत्तर : जी म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी पाच. ती सा मानून गंधार कोमल घेतला की जी मायनरचा पाया तयार होतो. धैवत आणि निषादही कोमल ठेवले तर आसावरी थाटाचे स्वर मिळतात. परंतु सा वर परतताना हे रचनाकार निषाद बहुधा शुद्ध करतात, आणि मग आपल्या कानाला कीरवाणीची आठवण होते. कोमल गंधाराने काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपला खरा प्रश्न सा कोठे धरायचा याविषयी आहे, आणि अठराव्या शतकापुरते बोलायचे तर त्याचे उत्तर पितळी वाद्यांत सापडते.

त्या काळच्या हॉर्नला कळा नव्हत्या. हॉर्न म्हणजे गुंडाळलेली एक लांब पितळी नळी, आणि वादकाने ओठांचा ताण कमीजास्त केला की त्या नळीचे जे नैसर्गिक स्वर असतील तेवढेच त्यातून निघत: खाली सा आणि प, त्यावर पुन्हा सा, शुद्ध ग, प, आणि जसजसे वर जावे तसतसे जवळजवळचे स्वर. यात कोमल गंधार कोठेच बसत नाही. नळीत कमीअधिक लांबीचा तुकडा बसवून वादकाला सा बदलता येई, पण रचना चालू असताना ते काम सवडीने करण्यासारखे नसे. हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून मधले स्वर काढण्याची युक्तीही प्रचारात येत होती. मात्र तसा काढलेला स्वर दबका आणि घुसमटलेला येई. म्हणजे पांढरी पाचच्या हॉर्नवाल्याला जी मायनरच्या सिंफनीत बसवले, तर ज्या एका स्वरावर त्या पट्टीची ओळख अवलंबून आहे तोच त्याच्यापाशी नाही, आणि त्याच्या हाताशी असलेला गंधार वाजवावा तर रंगाचा बेरंग होणार.

यावरचा तोडगा मोझार्टचा ज्येष्ठ समकालीन संगीतकार हायडनच्या एकोणचाळिसाव्या सिंफनीत स्पष्ट दिसतो. ही सिंफनी १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे हायडन एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या पदरी होता तेव्हाची. एरवी दोन हॉर्नवर भागत असताना त्याने येथे चार योजले: दोन पांढरी पाचचे आणि दोन काळी पाचचे. काळी पाचच्या हॉर्नचे सा, ग आणि प हे पांढरी पाचच्या हिशेबात कोमल ग, प आणि कोमल नि होतात. दोन्ही जोड्या मिळून जी मायनरला लागणारे बहुतेक महत्त्वाचे स्वर पुरवतात, आणि चार हॉर्न एकदम बोलले की आवाजाला जो भरदारपणा येतो तो वेगळाच. याच सिंफनीच्या आरंभी तंतुवाद्ये हलक्या आवाजात एक वाक्य म्हणतात आणि थांबतात. सगळा वाद्यवृंद गप्प होतो. मग पुन्हा तेच दबकत सुरू होते. ही अस्वस्थ शांतता पुढच्या पिढीच्या चांगलीच लक्षात राहिलेली दिसते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या योहान क्रिस्टियन बाखने आणि व्हिएन्नातील व्हानहालनेही जी मायनरमध्ये सिंफनी लिहिल्या. सतरा वर्षांच्या मोझार्टने ऑक्टोबर १७७३ मध्ये साल्झबुर्गला आपली पंचविसावी सिंफनी पूर्ण केली, तेव्हा पट्टी तीच होती आणि चार हॉर्नांची वाटणीही तीच. तिच्या सुरुवातीला व्हायोलिने ठेक्याच्या मध्ये मध्ये आघात देत राहतात आणि त्यावर ओबो हे लाकडी सुषिर वाद्य सा, प, कोमल ध, शुद्ध नि असे लांब स्वर धरतो. १९८४ च्या ‘अमाडेउस’ या चित्रपटाच्या आरंभी वाजणारे संगीत ते हेच. पंधरा वर्षांनी चाळिसावी सिंफनी लिहिताना मोझार्टने काटकसर केली. येथे हॉर्न दोनच आहेत, परंतु पहिल्या आणि शेवटच्या भागात एक काळी पाचचा तर दुसरा पांढरी पाचचा आहे. दोघे आपापले स्वर आलटून पालटून पुरवतात आणि मिळून जवळजवळ एका पूर्ण हॉर्नचे काम करतात.

पट्टीचा प्रश्न कधी कधी थेट खर्चाच्या वहीत जाई. हायडनने १७७२ मध्ये एफ शार्प मायनर, म्हणजे काळी तीन, अशा आडवळणाच्या पट्टीत पंचेचाळिसावी सिंफनी लिहिली, तेव्हा हॉर्नसाठी त्या मापाचे नळीचे तुकडे मुद्दाम घडवून घ्यावे लागले.

ट्रम्पेट आणि नगाऱ्यांचेही असेच आहे. ही वाद्ये सी आणि डी या पट्ट्यांत, म्हणजे पांढरी एक आणि पांढरी दोनमध्ये, सहज उपलब्ध असत. त्यामुळे डी मायनर किंवा सी मायनरमधील रचना चिडली की तिच्या हाताशी नगारे असतात. मोझार्टच्या डी मायनर पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) ते आहेत, बेथोव्हनच्या सी मायनरमधील पाचव्या सिंफनीत तर आहेतच. मोझार्टच्या दोन्ही जी मायनर सिंफनींत मात्र ना ट्रम्पेट, ना नगारा. तेथे संतापाचे सगळे काम व्हायोलिनांना आणि लाकडी सुषिर वाद्यांना करावे लागते, आणि माझ्या मते जी मायनरचा म्हणून जो काहीसा कृश, अस्वस्थ, दार आतून लावून घेतल्यासारखा आवाज सांगितला जातो, त्यातला मोठा वाटा या अनुपस्थितीचा आहे.

आता स्वभावाचे. शूबार्ट नावाच्या जर्मन कवी-संगीतकाराने १७८० च्या दशकात प्रत्येक पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला होता. जी मायनरच्या खाती त्याने असमाधान, बेचैनी, फसलेल्या बेताची काळजी आणि दातओठ खाणे जमा केले आहे. वर्णन मोठे नामी आहे आणि मोझार्टला बरेचसे लागूही पडते. तरीही ते निसर्गनियम म्हणून स्वीकारता येत नाही. याचे साधे कारण असे की पांढरी पाचची उंचीच तेव्हा ठरलेली नव्हती. मध्य सप्तकातील ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा असावा, असा संकेत १९३९ च्या लंडन येथील परिषदेत ठरला. अठराव्या शतकात तो गावागणिक बदले, आणि आज जुन्या वाद्यांवर मोझार्ट वाजवणारे वाद्यवृंद तो बहुधा ४३० च्या आसपास लावतात. म्हणजे एकच सिंफनी आज दोन सभागृहांत दोन वेगळ्या उंचींवर वाजते आणि दोन्हीकडे ऐकणारा तितकाच हलतो. आपला मालकंसाचा मुद्दा येथे बिनतोड आहे. फरक एवढाच की वाद्यांच्या सोयीगैरसोयीमुळे पट्टीला जो आवाज चिकटला, त्याची रचनाकारांनी पुढे परंपरा केली. मोझार्टने आपला जी मायनर स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहिला, त्यात हॉर्न मुळीच नाहीत. पण तोवर त्या पट्टीत काय बोलायचे हे त्याच्या मनात पक्के झालेले होते.

प्रश्न : मोझार्टच्या क्रमांकित सिंफनी एक्केचाळीस, आणि त्यांत मायनर पट्टीतल्या केवळ दोन. एवढ्या कमी का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : कारण त्या काळी सिंफनी मुख्यतः कार्यक्रमाची सुरुवात किंवा सांगता करण्यासाठी वाजे, आणि यजमानाला अशा जागी प्रसन्न, खणखणीत आवाज हवा असे. शंभरावर सिंफनी लिहिणाऱ्या हायडनच्या नावावरही मायनरमधल्या अकराच आहेत, आणि त्यांतल्या काही शेवटाला जाईपर्यंत मेजरकडे, म्हणजे शुद्ध गंधाराच्या पट्टीकडे, वळतात. त्र्याऐंशीवी तर पहिल्या भागात जी मायनरमध्ये चांगली गरजते आणि लगेच ओबो कोंबडीसारखा क्लक-क्लक करू लागतो. ‘कोंबडी’ हे तिचे टोपणनाव त्यावरूनच पडले, आणि तिची अखेर जी मेजरमध्ये आनंदात होते. मोझार्टच्या दोन्ही सिंफनी शेवटपर्यंत मायनर सोडत नाहीत, हे म्हणूनच विशेष.

प्रश्न : ‘छाया’ चित्रपटातील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ हे गाणे मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतले आहे, असे घरातील मोठी माणसे सांगतात. मूळ रचना ऐकली, तर गाण्याची ओळख दोन-चार क्षणांतच पटली. पण पुढे मी हरवून गेले. मूळ रचनेत त्या चालीचे पुढे काय होते? — एक वाचक, पुणे

उत्तर : मोठी माणसे बरोबर सांगतात. सलील चौधरी यांनी १९६१ च्या त्या चित्रपटासाठी गाण्याचा उठाव मोझार्टच्या पहिल्या भागाच्या आरंभावरून घेतला, आणि तलत महमूद व लता मंगेशकर यांच्या आवाजांत तो घरोघर पोहोचला. चौधरींना पाश्चात्त्य अभिजात संगीताची उत्तम जाण होती, तेव्हा त्यांनी हे चोरूनछपून केलेले नाही. ओळखणाऱ्याने ओळखावे असेच केले आहे.

मूळ चाल पेटीवर वाजवून पाहण्याजोगी आहे. पांढरी पाच सा धरून कोमल ध, प, प असे तीन स्वर तीनदा घ्यावेत आणि तिसऱ्या खेपेला वर कोमल गंधारावर उडी मारावी. मग ग, नि, ध कोमल ठेवून ग, रे, सा, सा, नि, ध असे पायरीपायरीने खाली यावे. चाल सुरू होण्याआधी व्हिओले (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या आवाजाची तंतुवाद्ये) मंद्र आवाजात झरझर साथ सुरू करतात, आणि त्या साथीत चाल मागाहून शिरते. आज आपल्याला हे नवे वाटत नाही; पण मोठ्या आवाजात, सगळ्या वाद्यांनिशी सिंफनी सुरू करण्याची रीत असताना आधी साथ आणि मग चाल, तीही हळू, हे त्या वेळच्या श्रोत्याला चांगलेच अनपेक्षित वाटले असणार.

गाणे पुढे अंतऱ्याकडे जाते, कारण त्याला शब्द पुढे न्यायचे असतात. सिंफनी तसे करत नाही. आपण हरवलात ती जागा बहुधा पहिल्या भागाचा मधला तुकडा असावा. तेथे मोझार्ट पूर्ण चाल बाजूला ठेवतो आणि कोमल ध, प, प एवढ्या तीन स्वरांच्या आकृतीवर काम करतो. प्रथम ती आकृती पांढरी पाचवरून अर्धा स्वर खाली, काळी तीनच्या मायनरमध्ये जाते. हा एवढ्याशा अंतराचा पण फार दूरचा प्रवास आहे, कारण या दोन पट्ट्यांत समान स्वर अगदी थोडे आहेत. मग चाल व्हायोलिनांकडून खर्जातल्या तंतुवाद्यांकडे आणि तेथून परत अशी जोरजोराने फिरते, आणि शेवटी सगळे ओसरून केवळ दोन-तीन स्वरांचा उसासा बासरी, बसून (खर्जातले लाकडी सुषिर वाद्य) आणि व्हायोलिने एकमेकांकडे देत राहतात. त्या उसाशांतूनच मूळ चाल कधी परत आली, हे कळतही नाही. ही जागा दोन-तीनदा ऐकली की गाणे आणि सिंफनी यांची वाट कोठे वेगळी होते, ते आपल्या ध्यानात येईल.

जाता जाता शेवटच्या भागाविषयी. तो प, सा, ग, प, सा, ग अशा वर झेपावणाऱ्या स्वरांनी सुरू होतो, आणि त्याच्या मध्यावर सगळी वाद्ये एकसुरात अशी काही तुटक झेप घेतात की सप्तकातल्या बारा स्वरांपैकी अकरा लागतात. गाळलेला एकमेव स्वर म्हणजे जी, रचनेचा सा. याच भागातील एकोणतीस मात्राखंड बेथोव्हनने आपल्या वहीत उतरवून घेतले होते, आणि त्याच वहीत पाचव्या सिंफनीची टिपणे आहेत. पाचवीच्या तिसऱ्या भागात बास तंतुवाद्ये जी चाल हळूच वर चढवतात, तिचे मोझार्टच्या झेपेशी असलेले नाते एकदा कळले की लपत नाही.

प्रश्न : चाळिसाव्या सिंफनीची काही ध्वनिमुद्रणे क्लॅरिनेटसह आणि काही क्लॅरिनेटशिवाय आढळतात. यांतले खरे रूप कोणते? आणि ही सिंफनी मोझार्टने स्वतः कधी ऐकलीच नाही, हे खरे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही रूपे मोझार्टचीच आहेत. २५ जुलै १७८८ ही तारीख असलेल्या पहिल्या रूपात एक बासरी, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्ये आहेत. पुढे त्याने दोन क्लॅरिनेट वाढवले आणि ओबोंच्या ओळी नव्याने लिहून त्यांच्या बऱ्याच जागा क्लॅरिनेटांना दिल्या. दोन्हींची हस्तलिखिते पुढे एकोणिसाव्या शतकातील संगीतकार ब्राम्सच्या संग्रहात आली आणि आज ती व्हिएन्नातील संगीतप्रेमी संस्थेच्या ताब्यात आहेत. क्लॅरिनेटमुळे आवाजाला गोलाई आणि ऊब येते, ओबोंचे रूप अधिक धारदार लागते. माझे मत ओबोंच्या बाजूने आहे. ट्रम्पेट-नगाऱ्यांवाचून ज्या सिंफनीने आपला तिखटपणा सांभाळला, तिला ऊब देण्याचे कारण मला तरी दिसत नाही. अर्थात मोझार्टला दिसले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच आहे. या तीन सिंफनी त्याने कोणाच्या मागणीवाचून, वाजण्याची आशा नसताना, जणू भविष्यासाठी लिहून ठेवल्या, ही कथा एकोणिसाव्या शतकाला फार आवडली. पण प्रत्यक्षात कोणी वाजवणार नसेल, तर ओबोंच्या ओळी नव्याने लिहिण्याचा उपद्व्याप कोण करील? क्लॅरिनेटवादक समोर उभे असल्याखेरीज असे काम होत नाही.

या सिंफनीला सर्वांनीच शोकात्म मानले, असेही नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन संगीतकार शूमानला तिच्यात ग्रीक धाटणीची तरंगती कमनीयता दिसली होती. आज आपल्याला हे चमत्कारिक वाटते. पण बेथोव्हनच्या गडगडाटानंतर आलेल्या पिढीच्या कानांना मोझार्टचा संताप मृदू वाटला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकतो. मोझार्टनंतर जी मायनरमध्ये कोणी सिंफनी लिहिल्या? कोणत्या ऐकाव्यात? — एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : आश्चर्याची गोष्ट म्हणजे लगेचच्या मोठ्या मंडळींनी ही पट्टी सिंफनीसाठी जवळजवळ टाळली. बेथोव्हनच्या नऊ आणि ब्राम्सच्या चार सिंफनींत जी मायनर नाही. शूमानने तरुणपणी एक सुरू केली आणि ती अपुरी सोडली. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा धाक हे एक कारण असू शकेल, पण तो तर्क झाला.

१८१८ च्या सुमारास बर्लिनमध्ये हॉर्न आणि ट्रम्पेटला झडपा बसवण्याची कल्पना पेटंट झाली आणि पुढील काही दशकांत पितळी वाद्यांना सगळे स्वर मिळाले. वर मिरजेच्या पत्राला उत्तर देताना सांगितलेली अडचण संपली. जी मायनरमध्येही आता हवा तेवढा कल्लोळ करता येऊ लागला. त्यामुळे नंतरच्या सिंफनी मोझार्टसारख्या वाजत नाहीत, हे ध्यानात ठेवून ऐकाव्यात. चायकोव्हस्कीची पहिली, १८६६ ची, ‘हिवाळी स्वप्ने’ या नावाने ओळखली जाते. ती लिहिताना त्याची प्रकृती बिघडण्याची वेळ आली, पण आरंभीची बासरी आणि बसून यांची थंडगार चाल ऐकताना त्या ओढाताणीचा मागमूस लागत नाही. शेवटचा भाग मेजरमध्ये आहे आणि माझ्या मते जरा लांबला आहे. रशियाच्याच कालिन्निकोव्हची पहिली सिंफनी १८९५ मध्ये पुरी झाली. क्षयाने ग्रासलेला हा संगीतकार १९०१ च्या जानेवारीत, पस्तिशीही गाठण्याआधी, याल्टा येथे वारला. पहिल्या भागातील दुसरी चाल एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

आपण व्हायोलिन शिकता, म्हणून डेन्मार्कच्या कार्ल निल्सेनची पहिली सिंफनी अवश्य ऐकावी. १८९४ मध्ये कोपनहेगन येथे तिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा निल्सेन स्वतः दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत बसून वाजवत होता आणि टाळ्या पडल्यावर तेथूनच उठून त्याने अभिवादन केले. ती जी मायनरमध्ये सुरू होते आणि सी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये संपते. ज्या घरातून निघाला त्या घरी न परतण्याचा हा हट्ट तेव्हा धाडसाचा होता. विसाव्या शतकातील रूसेलची तिसरी बॉस्टनच्या वाद्यवृंदाच्या पन्नाशीनिमित्त १९३० मध्ये सादर झाली. ती आटोपशीर आणि तडफदार आहे. शोस्ताकोव्हिचची अकरावी १९५७ ची. १९०५ साली पीटर्सबर्गमध्ये झारच्या राजवाड्यासमोरील जमावावर झालेल्या गोळीबाराचे ती संगीत आहे, आणि तिच्या अखेरीस घंटा आणि वाद्यवृंद कोमल आणि शुद्ध गंधारांची झुंज लावून देतात. दोहोंपैकी कोणीच जिंकत नाही आणि सगळे नुसत्या जी या एका स्वरावर येऊन थांबतात.

वाजवून पाहायचे असेल तर मात्र सुरुवात मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीच्या पहिल्या भागापासून करावी. आपल्या वाद्याची सर्वांत खालची मोकळी तार जीची आणि तिच्या वरची डीची, म्हणजे सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात, तर कोमल ग आणि कोमल ध यांसाठी बोट ठेवावेच लागते. मोकळ्या आणि दाबलेल्या तारेच्या आवाजातला हा फरक आघातांच्या त्या पहिल्या ओळींत फार स्पष्ट जाणवतो. गती आधी निम्मी ठेवावी, कारण ठेक्याच्या मधल्या जागा सांभाळणे दिसते तितके सोपे नाही.